बाबांच्या उन्हाच्या चट्ट्यांवर घरीच गोठवणारा स्प्रे मारला तर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबांचं वय 67, सगळी नोकरी उन्हात उभं राहून केलेली. कपाळावर, टकलावर, कानाच्या वरच्या कडेला आणि पंजांच्या मागच्या बाजूला खरखरीत चट्टे आलेत. दोन वर्षांपूर्वी स्किनच्या डॉक्टरांनी "हे उन्हाने झालंय" म्हणून त्यातले तीन-चार लिक्विड नायट्रोजन मारून काढले, पाच मिनिटांचं काम होतं. आता नवीन आलेत आणि दवाखाना लांब पडतो, म्हणून चामखिळीसाठी मिळतो तो गोठवणारा स्प्रे ऑनलाइन मागवलाय. तिथेही गारच करतात आणि इथेही गारच करायचंय, मग घरी का नको? आणि तोच स्प्रे आईच्या गालांवरच्या काळपट डागांना चालेल का?

आधी सरळ उत्तर देते. बाबांच्या चट्ट्यांवर हा स्प्रे मारू नका, आणि आईच्या गालावर तर अजिबातच नको. मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, क्रायो म्हणजे गोठवून करायचा उपचार जवळजवळ रोज करते आणि हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, त्यामुळे नुसतं "नको" म्हणून सोडत नाही, का नको तेही सांगते आणि घरी काय करता येईल तेही, कारण घरी करण्यासारखं खरंच बरंच आहे.

बाबांना जे झालंय त्याचं नाव बहुतेक ॲक्टिनिक केराटोसिस. बहुतेक म्हणते कारण मी ते पाहिलेलं नाही. वर्षानुवर्षं उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांनी कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा डीएनए बिघडत जातो, पेशीला आवर घालणारा पी 53 नावाचा जीन बऱ्याचदा त्यात खराब झालेला असतो, आणि अशा बिघडलेल्या पेशींचा एक छोटा पुंजका वाढायला लागतो. डोळ्याला तो नीट दिसतही नाही कधी कधी, पण बोट फिरवलं की लगेच कळतो, पॉलिश पेपरवरून बोट फिरवल्यासारखं लागतं. मी पेशंटला डोळे मिटून कपाळावरून स्वतःचं बोट फिरवायला सांगते, मला दिसलेले तीन असतात आणि त्यांना सात सापडतात. हा चट्टा म्हणजे कॅन्सर नाही, पण कॅन्सरच्या वाटेवरची पहिली पायरी असू शकते. घाबरून जाण्यासारखं प्रमाण नाही, 2009 साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरचा एक अभ्यास आला होता त्यात एका चट्ट्याचा एका वर्षात कॅन्सर होण्याचं प्रमाण 0.6 टक्के आणि चार वर्षांत साधारण 2.6 टक्के निघालं, आणि अर्ध्याहून जास्त चट्टे तर वर्षभरानंतर तपासले तेव्हा जागेवर नव्हतेच. पण ज्याच्या अंगावर असे दहा-पंधरा चट्टे आहेत त्याच्यासाठी ही बेरीज होत जाते, आणि कुठला चट्टा पुढे जाणार हे वरून बघून कोणालाच सांगता येत नाही.

आता गोठवणं म्हणजे नेमकं काय होतं ते बघा, कारण "गारच तर करायचंय" इथेच सगळा घोळ आहे. लिक्विड नायट्रोजनचं तापमान उणे 196 अंश. दवाखान्यात क्रायोगनचं, म्हणजे नायट्रोजन फवारायच्या यंत्राचं नोझल कातडीपासून साधारण एक सेंटीमीटरवर धरून मध्यावर फवारा सोडतो, आधी एक पांढरा ठिपका उमटतो, तो कडेकडेने पसरत जातो, आणि ती पांढरी कड चट्ट्याच्या बाहेर एक-दोन मिलीमीटर गेली की तिथून सेकंद मोजायला सुरुवात. चट्टा पातळ असेल तर पाच-सात सेकंद, जाड असेल तर दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त. मग फवारा बंद आणि तो पांढरा गोळा आपोआप वितळू द्यायचा. पटकन गोठणं आणि सावकाश वितळणं या दोन्हीत पेशी मरतात, गोठताना पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक होतात आणि वितळल्यावर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. हे सेकंद किती महत्त्वाचे आहेत ते 2004 मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात अगदी स्वच्छ दिसलं, पाच सेकंदांपेक्षा कमी गोठवलेल्या चट्ट्यांपैकी 39 टक्के पूर्ण गेले आणि वीस सेकंदांपेक्षा जास्त गोठवलेल्यांपैकी 83 टक्के. म्हणजे उणे 196 चं नायट्रोजन हातात असूनही हात आखडला तर निम्म्याहून जास्त चट्टे राहतात.

तुम्ही मागवलेल्या स्प्रेमध्ये बहुतेक डायमिथाइल ईथर आणि प्रोपेन असणार. डबीवर उणे 57 लिहिलेलं असतं, पण तो आकडा डबीतल्या द्रवाचा असतो. फोमचा बोळा भिजवून कातडीवर टेकवला की कातडीचं तापमान तेवढं खाली जातच नाही, आणि एक-दोन मिलीमीटर आत तर त्याहून कमी गारवा पोचतो. आणि सगळ्या पेशी एकाच तापमानाला मरत नाहीत, हे फार कमी लोकांना माहीत असतं. रंग तयार करणाऱ्या ज्या पेशी, मेलानोसाइट, त्या सगळ्यात नाजूक, उणे 4 ते उणे 7 अंशाच्या आसपासच मरायला लागतात. वरच्या थरातल्या नेहमीच्या पेशींना उणे 20 ते 30 लागतं. आणि कॅन्सर झालेल्या पेशी खात्रीने मारायच्या तर उणे 50 किंवा त्याच्याही खाली जावं लागतं, तेही आत खोलवर. घरचा स्प्रे या सगळ्यात नेमका अडनिड्या जागी बसतो, रंगाच्या पेशी मारायला पुरेसा गार पण बिघडलेल्या पेशी खात्रीने मारायला अपुरा. म्हणजे पांढरा डाग मिळतो आणि रोग तिथेच राहतो. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीला तर तो पांढरा डाग चांगलाच उठून दिसतो, महिनोन्महिने राहतो, कधी कायमचा, आणि लोक कोड समजून घाबरून येतात. काहींना उलट होतं, मध्ये पांढरं आणि भोवती गडद काळी कड.

पण गारवा कमी पडतो हे माझं दुसऱ्या नंबरचं कारण आहे. पहिलं कारण वेगळंच आहे, आणि उद्या कोणी घरच्यासाठी उणे 196 चं यंत्र काढलं तरी माझं उत्तर बदलणार नाही. गोठवलेल्या चट्ट्याचा पुरावा शिल्लक राहत नाही. कापून काढला तर तुकडा लॅबला जातो, मायक्रोस्कोपखाली बघून कोणीतरी सांगतं की हे काय होतं. गोठवलं की तिथे फक्त खपली आणि मग नवीन कातडी, खाली काय होतं ते कळायचा मार्गच संपतो. म्हणून आम्ही गोठवण्याआधी जो वेळ घालवतो, बोट फिरवून, चिमटीत धरून, डर्मोस्कोप म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग लावून, तेच खरं काम असतं. फवारा मारणं सोपं, ते मी कोणालाही दहा मिनिटांत शिकवीन. तुम्हाला जे पाच मिनिटांचं काम वाटलं त्यातली चार मिनिटं त्या डॉक्टरांनी कुठल्या चट्ट्यावर मारायचं आणि कुठल्यावर नाही हे ठरवण्यात घालवली असणार.

एक गृहस्थ माझ्या कायम लक्षात आहेत. कानशिलावर एक खरखरीत चट्टा, त्यांनी असाच स्प्रे सहा-सात महिन्यांत तीन वेळा मारला. दर वेळी खपली पडायची, खाली गुळगुळीत गुलाबी कातडी यायची, त्यांना वाटायचं गेलं, आणि दीड-दोन महिन्यांत परत खरखर. माझ्याकडे आले ते "आता तिथे हात लागला तरी दुखतं" म्हणून. वरून बघितलं तर फिकट, स्वच्छ कातडी, एखाद्या जुन्या भाजल्याच्या डागासारखी. पण दोन बोटांत धरल्यावर आत पाच-सहा मिलीमीटरची टणक गाठ लागली. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर आला. वेळेत निघाला, आज ते उत्तम आहेत, पण जिथे सुरुवातीला छोट्या बायोप्सीचे दोन टाके पुरले असते तिथे कानशिलाची कातडी फिरवून झाकायचं ऑपरेशन करावं लागलं. त्या माणसाने काही निष्काळजीपणा केला नव्हता, उलट तो दर वेळी मन लावून उपचार करत होता, म्हणूनच मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

आणि खरखरीत किंवा काळपट दिसणारं सगळं ॲक्टिनिक केराटोसिस नसतंच. वयाबरोबर येणारे ते चिकटवल्यासारखे दिसणारे तपकिरी-काळे खवले सेबोरिक केराटोसिस असतात, अगदी निरुपद्रवी. सपाट तपकिरी डाग हे नुसते उन्हाचे डाग असू शकतात, पण चेहऱ्यावर वर्षानुवर्षं सावकाश पसरणारा, रंगाला असमान असा सपाट डाग मेलानोमाची, म्हणजे रंगाच्या पेशींच्या कॅन्सरची सुरुवातही असू शकते, आणि तो गोठवून ठेवणं ही या सगळ्यातली सगळ्यात महाग पडणारी चूक. बेसल सेल कार्सिनोमा हा कातडीचा आणखी एक कॅन्सर गोऱ्या कातडीत गुलाबी-मोत्यासारखा दिसतो, पण आपल्या कातडीत तो बऱ्याचदा काळा, चकचकीत कडेचा असतो आणि लोक त्याला तीळ म्हणून सोडून देतात. आणखी एक, सावळ्या कातडीत मेलानिनमुळे मुळातच संरक्षण जास्त, त्यामुळे ॲक्टिनिक केराटोसिस तुलनेने कमी दिसतं, म्हणजेच चट्टा दुसरंच काही असण्याची शक्यता जास्त. बाबांचे जुने चट्टे त्या प्रकारचे होते म्हणून नवीनही तेच, असं धरून चालू नका.

त्या स्प्रेसोबतचा कागद उघडून वाचा, चेहऱ्यावर वापरू नका, तिळावर किंवा काय आहे ते माहीत नसलेल्या डागावर वापरू नका, डायबिटीस असेल किंवा रक्ताभिसरण कमी असेल तर वापरू नका, असं बहुतेक सगळ्यांवर लिहिलेलं असतं. बाबांचे चट्टे कपाळावर आणि कानावर आहेत म्हणजे तिथेच विषय संपला. कानाच्या कडेला कातडीखाली लगेच कूर्चा असते, डोळ्याजवळ तर सांगायलाच नको, बोटांच्या कडेने नसा जातात तिथे जास्त गोठलं तर महिनोन्महिने बधिरपणा राहतो, आणि नडगीवरची जखम उतारवयात भरायलाच खूप वेळ घेते. शिवाय तो वायू पेट घेणारा असतो, त्यामुळे डबी घरात आहे तोवर गॅस, मेणबत्ती, हेअर ड्रायर याच्या आसपासही नको. काही जण यावर तोड म्हणून ड्राय आइस आणतात किंवा डिओ एकाच जागी मिनिटभर मारतात, असे भाजलेले हात मी पाहिलेत, ते करू नका. आणि लिक्विड नायट्रोजन कोणी थर्मासमध्ये आणून देतो म्हणाला तरी नाही म्हणा, वायू होताना ते जवळजवळ सातशे पट फुगतं, झाकण घट्ट बसलेलं भांडं फुटतं आणि बंद खोलीत सांडलं तर हवेतला ऑक्सिजन कमी होतो.

आईचं वेगळं आहे. दोन्ही गालांवर सारखे, सपाट, काळपट-तपकिरी डाग म्हणजे बहुतेक वांग, मेलाझ्मा. तिथे रंगाच्या पेशी आधीच चिडलेल्या असतात, त्यांना गारव्याचा चटका दिला की एक तर त्या मरून पांढरे ठिपके उमटतात नाहीतर आणखी चिडून डाग गडद होतो. वांगाला गोठवणं हा उपचारच नाही. त्याला आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन लागतं, कारण वांग नुसत्या अल्ट्राव्हायोलेटने नाही तर दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं, आणि बाकीची क्रीम डॉक्टरांना दाखवून. दुकानातून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली गोरं करणारी क्रीम मात्र आईला लावू देऊ नका, त्याने झालेलं नुकसान निस्तरायला वर्ष जातं.

आता घरी काय करता येतं. तुमची खरी अडचण दवाखाना लांब आहे ही आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे, 67 वर्षांच्या माणसाला दर दोन महिन्यांनी एकेका चट्ट्यासाठी नेणं शक्य नसतं. पण एकदा तपासून निदान पक्कं झालं की ॲक्टिनिक केराटोसिसचा उपचार खरोखर घरीच करता येतो, फक्त तो क्रीमचा असतो. फ्लुरोयुरासिल नावाचं 5 टक्क्यांचं क्रीम, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, साधारण दिवसातून दोनदा दोन ते चार आठवडे लावायचं. याचा मोठा फायदा असा की दिसणाऱ्या चट्ट्यांच्या अधेमधे जी न दिसणारी बिघडलेली कातडी असते तीही त्यात सापडते, नायट्रोजन फक्त दिसेल तिथेच मारता येतं. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात अशा चार उपचारांची तुलना केली होती, वर्षभरानंतर उपचार यशस्वी झालेल्यांचं प्रमाण फ्लुरोयुरासिलचं साधारण 75 टक्के, इमिक्विमॉड क्रीमचं 54, फोटोडायनॅमिक थेरपीचं (औषध लावून वर उजेड टाकायचा उपचार) 38 आणि इन्जेनॉल जेलचं 29. हे शेवटचं इन्जेनॉल पुढे युरोपात बंदच केलं, कारण त्यानेच स्किन कॅन्सर वाढत असल्याची शंका आली. फक्त पाच दिवस लावायचं टिरबॅनिब्युलिन नावाचं नवीन मलमही आहे, पण माझा हात अजून फ्लुरोयुरासिलकडेच जातो.

हे क्रीम लावताना काय दिसेल ते आधीच सांगते, नाहीतर घरातले सगळे घाबरून मध्येच बंद करतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून लाली, दुसऱ्या आठवड्यात चांगलंच लालभडक, खपल्या, आग, तिसऱ्या आठवड्यात बाबांचं कपाळ शेजारीपाजारी विचारतील असं दिसेल. ते क्रीम काम करतंय म्हणून तसं दिसतं. बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत कातडी भरून येते. फोड, पू, ताप किंवा डोळ्यापर्यंत सूज आली तर मात्र थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. लावताना ग्लोव्ह घाला किंवा लगेच हात धुवा, डोळे-ओठ टाळा, घरात कोणी गरोदर असेल तर तिने हात लावायचा नाही, आणि घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर ट्यूब कपाटात कुलपात ठेवा आणि लावलेलं कपाळ त्याला चाटू देऊ नका, अगदी थोडं पोटात गेलं तरी कुत्रा दगावू शकतो, हे मी प्रत्येक चिठ्ठीवर लाल पेनाने लिहून देते.

दुसरं सनस्क्रीन, आणि 67 व्या वर्षी त्याचा काय उपयोग हा प्रश्न मनातून काढून टाका. 1993 मध्ये ऑस्ट्रेलियात एका उन्हाळ्यापुरता प्रयोग झाला होता, ज्यांनी रोज सनस्क्रीन लावलं त्यांना नवीन चट्टे कमी आलेच पण असलेले चट्टेही जास्त संख्येने विरले. एकाच उन्हाळ्यात. ऑस्ट्रेलियातच नॅम्बर नावाच्या गावात साडेचार वर्षं चाललेल्या प्रयोगात रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वॅमस सेल कार्सिनोमा साधारण 40 टक्क्यांनी कमी निघाले. एसपीएफ 30 किंवा जास्त, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, टक्कल आणि कानाची वरची कड विसरायची नाही, सगळे विसरतात आणि चट्टे नेमके तिथेच येतात. घाम आला की परत. आणि टोपी घेताना चारी बाजूंनी कड असलेली घ्या, पुढे झापड असलेल्या टोपीने कान उघडेच राहतात.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत आज एक काम करा. दिवसाउजेडी खिडकीजवळ बाबांना बसवा, प्रत्येक चट्ट्याचे दोन फोटो काढा, एक लांबून म्हणजे जागा कळेल आणि एक जवळून, शेजारी पट्टी धरून म्हणजे माप कळेल. हे फोटो पुढच्या वेळी फार कामाला येतात, आणि पहिली तपासणी समोर झाल्यावर मधल्या भेटी बऱ्याच वेळा फोटोवर भागवता येतात, तुमच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. पण पुढचं काही दिसलं तर फोटोची वाट न बघता लवकर गाठा: चट्टा जाड होतोय, हात लावला की दुखतो, आपोआप रक्त येतं, चार आठवडे झाले तरी भरत नाही, वर शिंगासारखं टणक टोक आलंय, खालच्या ओठावर न भरणारी भेग आहे, किंवा काळ्या डागाची कड आणि रंग बदलतोय. बाबांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर मग यातलं एकही लक्षण नसलं तरी लवकर दाखवा, त्यांच्यात हे चट्टे फार वेगाने पुढे जातात.

आणि समजा हे वाचायच्या आधीच एखाद्या चट्ट्यावर स्प्रे मारून झाला असेल, तर घाबरू नका. फोड आला तर फोडू नका, दिवसातून एकदा साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवा, व्हॅसलिन लावून झाका, वर काही घरगुती लेप नको. एक-दोन आठवड्यांत खपली पडेल. कुठल्या चट्ट्यावर, किती तारखेला आणि किती सेकंद मारला ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना न लाजता सांगा, कारण त्यांना वरून स्वच्छ कातडी दिसेल आणि तुम्ही सांगितलं नाहीत तर ते त्या जागेवर बोट ठेवणारच नाहीत. स्प्रेचं सील अजून फोडलं नसेल तर परत करा. जाताना बाबांना पूर्ण बाह्यांचा घट्ट शर्ट घालू नका, पाठ, मान आणि पोटऱ्याही एकदा बघून घ्यायला सांगा.